आधी हात, मग पाय

आपण मराठी माणसं दिवसातून किती वेळा शस्त्र उचलतो, याचा हिशेब कुणी ठेवला आहे का? एखादा पुढारी सभेत ‘आक्रमक पवित्रा’ घेतो आणि दुसऱ्या दिवशी ‘तलवार म्यान’ करतो. कार्यालयात साहेबांचा राग आला, की कुणाला तरी ‘ढाल’ म्हणून पुढे केलं जातं. घरात एखाद्याच्या तोंडाचा ‘पट्टा’ सुरू झाला, की बाकीचे मान खाली घालून जेवण उरकतात. कुणी ‘हूल’ देतं, कुणी ‘वार’ झेलतं, कुणी संकटाशी ‘दोन हात’ करतं. यातल्या बहुतेकांनी आयुष्यात खरी तलवार हातात धरलेली नसते. तलवारी घरातून गेल्या, भाषेत मात्र राहिल्या.

अशी ही शस्त्रांनी भरलेली भाषा. पण तिच्याकडे एका साध्या हालचालीला शब्द नाही, हे मला अगदी अलीकडे कळलं. तेही एका बारा वर्षांच्या मुलीमुळे.

ही मुलगी माझ्या धाकट्या भावाची. भाऊ अकोल्याच्या जुन्या शहरात राहतो, मी जठारपेठेत. मधे मोर्णा नदी. आमच्या घराजवळ एका सभागृहात संध्याकाळी तलवारबाजीचा, म्हणजे ऑलिंपिकमध्ये असते त्या ‘फेन्सिंग’चा वर्ग भरतो. भाऊ तिला दुचाकीवर घेऊन येतो. वर्ग सुटला की ती आमच्याकडे चहा-बिस्किटं खाते आणि मग घरी जाते. एके दिवशी तिनं विचारलं, “बडे अब्बा, लंजला मराठीत काय म्हणतात? सरांना विचारलं, तर ते म्हणाले लंजच म्हणतात. तुम्ही तर कविता लिहिता.”

मी म्हटलं, आधी मला लंज बघू दे. म्हणून पुढचे काही दिवस मी संध्याकाळी त्या सभागृहातल्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसू लागलो. सोबत माझे अब्बा. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. तरुणपणी त्यांनी बनेठी आणि फरीगदगा खेळलेला. नातीच्या हातात नेमकं काय आलं आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

तलवारबाजीतली पहिली गोष्ट म्हणजे उभं राहणं. पुढच्या पावलाचा चवडा प्रतिस्पर्ध्याकडे, मागचं पाऊल त्याला काटकोनात, दोन्ही टाचा एका रेषेत. गुडघे वाकलेले, अंगाचा भार दोन्ही पायांवर सारखा. शस्त्राचा हात पुढे, पण कोपर किंचित दुमडलेलं. याला ‘ऑन गार्ड’ म्हणतात. इथून प्रतिस्पर्ध्याला टोक लावायचं, तर अंतर कापावं लागतं. ते ज्या एका हालचालीत कापलं जातं, ती लंज.

सांगायला ती सोपी आहे. आधी शस्त्राचा हात सरळ लांब होतो. मग पुढच्या पायाचा चवडा उचलतो आणि पाऊल जमिनीलगत पुढे फेकलं जातं. त्याच क्षणी मागचा पाय गुडघ्यातून ताठ होतो आणि सगळं शरीर पुढे ढकलतो. पुढची टाच आधी टेकते, मग पाऊल. शेवटी पुढची नडगी जमिनीशी काटकोनात उभी हवी, गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये. मागचं पाऊल पूर्ण जमिनीवर हवं. पाठ सरळ. मागचा हात तोल सांभाळायला खाली येतो. या सगळ्याला अर्धा सेकंदही लागत नाही, शिकायला मात्र महिने लागतात.

प्रशिक्षक अमरावतीहून शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आलेला तरुण. तो तासभर एकच वाक्य म्हणत असतो, “बेटा, आधी हात, मग पाय. आधी हात, मग पाय.” मुलं नेमकं उलटं करतात. घाई झालेल्या माणसाचा पाय आधी धावतो. आमची पोरही तेच करत होती. तिचा पाय पुढे पडायचा, अंग वाकायचं, हात मागाहून यायचा. अब्बा माझ्या कानाशी म्हणाले, “आधी टांग टाकली तर समोरच्याला सगळं कळते बापा.” त्यांना फेन्सिंगचे नियम ठाऊक नव्हते. पण मुद्दा त्यांनी बरोबर पकडला होता.

या ‘आधी हात, मग पाय’ या चार शब्दांत युरोपचा चारशे-साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे. तो थोडक्यात सांगतो.

सोळाव्या शतकात इटलीच्या शहरांत लोक लांब, अरुंद पात्याची तलवार कमरेला लावून फिरू लागले. ती रणांगणावरची जड तलवार नव्हती. रस्त्यावरच्या, दोघांच्या भांडणाची ती तलवार होती. अंगावर चिलखत नाही, समोर एकच माणूस. अशा वेळी हात डोक्यावर नेऊन वार करण्यापेक्षा टोक सरळ पुढे नेणं लवकर होतं, कारण सरळ रेषा ही वळणापेक्षा नेहमीच आखूड असते. १५५३ साली कामिल्लो आग्रिप्पा या माणसानं तलवारीवर एक पुस्तक लिहिलं. तो पेशानं अभियंता. त्यानं तलवारबाजीकडे भूमितीच्या डोळ्यांनी पाहिलं, कोन आणि रेषा मोजल्या. पुढे १५७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंजेलो विज्जानीच्या पुस्तकात लंजची पहिली चाहूल लागते, असं अभ्यासक सांगतात. १६०६ मध्ये व्हेनिसच्या निकोलेत्तो जिगांतीनं आणि १६१० मध्ये सिएना इथं रिदोल्फो कापो फेर्रो यानं ती चित्रांसह नीट मांडली. कापो फेर्रोच्या पुस्तकात एक चित्र आहे. त्यात उभा राहिलेला माणूस आणि लंज मारलेला माणूस यांच्यातला फरक रेषा आणि अक्षरं देऊन दाखवला आहे. हात किती लांब झाला, पाऊल किती पुढे गेलं, हे त्यातून कळतं. दर्जी माप घेतो, तसाच प्रकार.

हात आधी का? कारण पाय आधी गेला, तर आपलं अंग शस्त्राच्या पुढे जातं आणि समोरच्याच्या टोकावर आपण स्वतःच जाऊन पडतो. हात आधी लांब झाला, तर आपलं टोक आपल्या अंगाच्या पुढे चालतं. मरणाची ती साधी खबरदारी होती.

पुढे फ्रान्समध्ये याच मरणाच्या विद्येची शाळा झाली. सरावासाठी हलकं, टोकाला बोंड लावलेलं शस्त्र आलं. तेच आजचं फॉइल. अठराव्या शतकात जाळीचा मुखवटा आला. १७६३ मध्ये लंडनमध्ये दोमेनिको आंजेलो या इटालियन गुरूनं सुंदर चित्रांचा ग्रंथ काढला. त्यात तलवार ही उमद्या माणसाचं शील आणि अंगाची ठेवण घडवणारी कला म्हणून उभी राहते. याच शाळांमधून एक नियम आला, जो आजही फॉइल आणि सेबर या दोन प्रकारांत चालतो. ज्यानं आधी हात लांब करून टोकाचा धाक दाखवला, हल्ला त्याचा. दुसऱ्यानं आधी तो हल्ला अडवायचा, मगच आपला वार करायचा. दोघांचं टोक एकदम लागलं, तरी गुण हल्ला करणाऱ्याला. म्हणजे जिवाची खबरदारी होती, तिचा कायदा झाला. प्रशिक्षक ‘आधी हात’ म्हणतो, तेव्हा तो त्या कायद्याचं पहिलं कलम शिकवत असतो.

आता आपल्याकडे वळू.

आपला दांडपट्टा बघा. हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत जातो. आतल्या आडव्या दांडीवर मूठ आवळली जाते. मनगट जवळजवळ बांधल्यासारखं होतं. पुढे साधारण अडीच हात लांबीचं लवचीक, दुधारी पातं. मनगट हलत नसल्यामुळे सगळा जोर खांद्यातून आणि कमरेतून येतो. म्हणून पट्टा फिरतो. तो फिरतो म्हणून खेळणाराही फिरतो. पावलं उड्या घेतात, वळतात, बसतात, उठतात. पट्टेवाल्याभोवती एक गोल तयार होतो आणि त्या गोलात कुणी यायचं नसतं. चारी बाजूंनी शत्रू असतील, तर त्या एकट्या माणसाला रेषेचा काय उपयोग? त्याला वर्तुळच हवं.

आपल्या साध्या तलवारीचंही तेच. तिच्या मुठीच्या टोकाला वाटीसारखी चकती असते. मनगट सरळ ताणून टोक खुपसायला गेलं, तर ती चकती मनगटात रुतते. ओढून कापायला मात्र ती मूठ उत्तम बसते. हत्यार माणसाला कसं वागायचं ते शिकवतं, असं म्हणतात ते खोटं नाही.

मला सगळ्यात गंमत वाटली ती ‘फिरंगी’ तलवारीची. सतराव्या शतकात युरोपात घडवलेली सरळ, लांब पाती पोर्तुगीजांमार्फत आणि इतर वाटांनी दख्खनेत येत होती. त्यांची इथं कदर होती. ज्या पात्यांच्या जोरावर युरोपात लंज वाढत होती, त्यांच्यासारखीच ही पाती. पण आपल्या कारागिरांनी त्यांना आपल्या मुठी चढवल्या आणि आपल्या माणसांनी ती आपल्या पद्धतीनं चालवली. पातं समुद्र ओलांडून आलं, पवित्रा आला नाही. म्हणूनच कदाचित आपल्याकडे लंजला शब्द नाही. वस्तू आली म्हणून तिची रीत येतेच असं नाही. हे आजच्या काळातही आपण रोज अनुभवतो.

पट्ट्याची सर्वांत प्रसिद्ध आठवण १६५९ च्या नोव्हेंबरातली, प्रतापगडाच्या पायथ्याची. सय्यद बंडा शिवाजी महाराजांवर धावला आणि जिवा महालानं त्याचा हात कलम केला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्याच प्रसंगी महाराजांच्या निवडक दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम नावाचा एक मुसलमान होता, हेही इतिहासात नोंदलेलं आहे. शस्त्र कुणाच्या हाती आहे, एवढं बघून त्याची बाजू ठरत नाही. ते कुणासाठी उचललं, हे विचारावं लागतं.

आमचं वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय हत्यार बाळगणं बंद झालं. लोखंड गेलं आणि लाकूड राहिलं. लाठी, बोथाटी, बनेठी, फरीगदगा ही आखाड्यांतली खेळणी झाली. फरी म्हणजे लहान ढाल, गदगा म्हणजे तलवारीऐवजी चामडं मढवलेली काठी. म्हणजे इकडेही तेच घडलं, जे फ्रान्समध्ये घडलं होतं. मारण्याचं शस्त्र बोथट झालं आणि त्याचा खेळ झाला. तिकडे ते शाळेच्या शिस्तीतून झालं, इकडे सरकारी कायद्यातून.

या आखाड्यांची भाषा ऐकण्यासारखी आहे. ‘तालीम’ हा शब्द अरबी, त्याचा मूळ अर्थ शिक्षण. ‘वस्ताद’ म्हणजे फारसीतला उस्ताद. ‘पवित्रा’ आणि हिंदीतला ‘पैंतरा’ ही तर सख्खी भावंडं वाटतात. मारुतीच्या तसबिरीसमोर तेलाचा दिवा लावून पोरगं वस्तादाच्या पाया पडतं, तेव्हा त्या एका खोलीत किती भाषा नांदत असतात! बडोद्यातलं उदाहरण तर ठळक आहे. तिथं जुम्मादादा नावाचे मुसलमान उस्ताद होते. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव. सैनिकी शिस्तीच्या व्यायामाला देशी रूप देणारे म्हणून माणिकरावांचं नाव मोठं झालं, पण त्यांच्या व्यायाममंदिराला नाव राहिलं ते गुरूचं, जुम्मादादांचं. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ हे दहा खंडांचं काम मराठीत उभं केलं. आखाड्यातली विद्या तोंडी असते, वस्तादाबरोबर जाते. ती कागदावर उतरवणाऱ्या माणसाचे आपल्यावर उपकार आहेत.

आणि आमची अमरावती. १९१३ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघ स्थापन झाला आणि १९१४ मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, हनुमान आखाडा सुरू केला. तेच आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, फक्त साल शेजारचं आहे. पण बावीस वर्षांनी दोन्ही गोष्टी एकाच शहरात समोरासमोर आल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाचं पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली जर्मनीला गेलं. कबड्डीसारखे आपले खेळ आणि व्यायाम त्यांनी तिथं करून दाखवले. ध्यानचंद यांच्या हॉकी संघानं सुवर्णपदक मिळवलं, ते हेच ऑलिंपिक. वऱ्हाडातली ही माणसं तिथं कुठल्याही पदकासाठी गेली नव्हती. आमच्याकडेही अंगाची एक विद्या आहे, एवढंच त्यांना जगाला सांगायचं होतं.

त्याच बर्लिनमध्ये तलवारबाजीतही दोन गोष्टी घडल्या. ईपी या प्रकारात टोक लागल्याची नोंद विजेच्या यंत्रानं करण्याची पद्धत ऑलिंपिकमध्ये तिथं पहिल्यांदा आली. तोवर चार पंच डोळ्यांनी बघून सांगत. त्या पंचांच्या डोळ्यांची जागा दिव्यानं घेतली. आज फॉइलच्या टोकावरच्या बटणावर किमान ५०० ग्रॅमचा दाब पडला, तरच दिवा लागतो. दिव्याला नाव, गाव, धर्म कळत नाही.

दुसरी गोष्ट हेलेन मायर या बाईची. तिनं १९२८ मध्ये सतराव्या वर्षी जर्मनीसाठी फॉइलचं सुवर्णपदक जिंकलं होतं. वडील ज्यू, म्हणून १९३३ नंतर तिच्या गावच्या क्लबनं तिचं नाव काढून टाकलं. ती अमेरिकेत राहत होती. १९३६ मध्ये जगाला दाखवण्यापुरतं तिला परत बोलावलं गेलं. ती आली, खेळली, रौप्यपदक मिळवलं आणि पदक घेताना तिनं नाझी पद्धतीचा सलामही केला. सुवर्ण मिळालं हंगेरीच्या इलोना एलेकला, तीही ज्यू कुळातली. मायरनं तो सलाम का केला, यावर आजही वाद होतात. मी तिचा न्याय करणार नाही. आपल्याच गावात आपलं नाव वहीतून खोडलं गेलं, की माणूस ते परत लिहून घ्यायला काय काय करतो, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच विचारावं.

हे सांगताना मला माझ्या शहराकडे यावंच लागेल. अकोल्यात, आमच्यासारख्यांच्या घरात, तलवार या शब्दाला एक वेगळा वास आहे. २०२३ च्या मे महिन्यात जुन्या शहरात दंगल झाली. एक जीव गेला, गाड्या जळाल्या, संचारबंदी लागली. त्या रात्री भाऊ दोन्ही मुलांना घेऊन मागच्या खोलीत बसून होता. पुढे दोन वर्षांनी पोरीनं शाळेत तलवारबाजीसाठी नाव दिलं, तेव्हा घरात आधी कुणी बोललंच नाही. मग तिची आई म्हणाली, “दुनिया भर के खेल हैं, यही मिला?” तिला खेळाचं भय नव्हतं. पोरीच्या पाठीवरची लांब पिशवी घेऊन पुलावरून रोज जायचं, याचं भय होतं. कुणी विचारलं, आत काय आहे, तर काय सांगायचं?

भावानं त्यावर एक उपाय काढला. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात त्यानं पोरीचं शाळेचं ओळखपत्र आणि वर्गाच्या फीची पावती प्लास्टिकमध्ये घालून ठेवली. एका सणाच्या बंदोबस्तात पुलाजवळ हवालदारानं गाडी थांबवली. पिशवी उघडायला लावली. भावाच्या घशाला कोरड पडली. हवालदारानं फॉइल बाहेर काढलं, पातं बोटानं वाकवून बघितलं. ते वेतासारखं वाकलं. टोकाचं बटण दाबून बघितलं आणि विचारलं, “याचं काय करतं हे पोरगं?” पोरगी हेल्मेटच्या आतून म्हणाली, “मी पोरगी आहे. आणि याचा लंज मारतात.” तो हसला. म्हणाला, “मार बरं चांगला,” आणि त्यानं गाडी सोडली. भावानं हे सांगितलं, तेव्हा सगळे हसले. तिची आई तेवढी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्या पिशवीवर मोठ्या मराठी अक्षरांत ‘तलवारबाजी (खेळ)’ असं शिवून दिलं. कंसातला तो ‘खेळ’ हा शब्द मला अजून बोचतो.

पण तो शब्द खरा आहे, हेही मी त्या सभागृहात बसून शिकलो. चौदा मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद पट्टीवर दोन मुलं समोरासमोर येतात. मुखवटा घालण्याआधी शस्त्र वर करून एकमेकांना, पंचांना आणि बघणाऱ्यांना सलाम करतात. त्याशिवाय सामना सुरू होत नाही. संपल्यावर पुन्हा सलाम आणि हस्तांदोलन. दंगलीत तोंड झाकलेलं असतं आणि समोरचा निःशस्त्र असतो. इथं आधी चेहरा दाखवावा लागतो आणि समोरच्याच्या हातात आपल्याइतकंच लांब शस्त्र असतं. अब्बांना हा सलाम फार आवडला. आखाड्यातही माती कपाळाला लावून, समोरच्याच्या हाताला हात लावूनच खेळ सुरू होई, असं ते म्हणाले. त्यांच्या तरुणपणी गणपतीच्या मिरवणुकीत आणि मोहरमच्या जुलुसात तीच मुलं, तीच बनेठी घेऊन पुढे असत. बनेठीच्या दोन्ही टोकांना पलिते लावलेले. मधे फक्त कपडे बदलत.

भारतात या खेळाची संघटना १९७४ साली झाली, पण लोकांच्या कानी त्याचं नाव पडलं ते चेन्नईच्या भवानी देवीमुळे. शाळेत इतर खेळांच्या जागा भरल्या होत्या, म्हणून तिनं तलवारबाजी घेतली. सुरुवातीला सराव बांबूच्या काठ्यांनी. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरणारी ती पहिली भारतीय तलवारबाज ठरली. पहिला सामना तिनं ट्युनिशियाच्या खेळाडूविरुद्ध १५-३ असा जिंकला, दुसरा फ्रान्सच्या मॅनन ब्रुनेकडून ७-१५ असा हरली. २०२३ मध्ये चीनमधल्या वूशी इथं आशियाई स्पर्धेत तिनं जगज्जेत्या जपानी मुलीला हरवून सेबरमध्ये कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. बांबूपासून सुरू झालेली ही गोष्ट फरीगदग्याच्या काठीहून फार लांबची नाही. इकडे महाराष्ट्र शासनानंही २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. मान मिळाला, आता तो खेळणारे हात टिकायला हवेत. आमच्या अब्बांच्या पिढीतल्या वस्तादांकडे जे हात आणि डाव होते, त्यांतले किती नातवंडांपर्यंत पोचले? ज्यांच्या गावात असे म्हातारे अजून आहेत, त्यांनी मोबाइल काढून त्यांचे हात टिपून ठेवावेत. मुजुमदारांना दहा खंड लिहावे लागले होते, आपल्याला एक बटण दाबायचं आहे.

राहिला पोरीचा प्रश्न. लंजला मराठीत काय म्हणायचं? मी ‘झेप’ म्हणून पाहिलं. पण झेपेत दोन्ही पाय जमीन सोडतात. लंजेत मागचं पाऊल जमिनीला धरून असतं, तिथूनच तर बळ येतं. ‘मुसंडी’ म्हणावी, तर तीत डोकं खाली आणि डोळे मिटलेले. ‘चढाई’ कबड्डीनं आधीच घेतली आहे. ‘हूल’ म्हणजे खोटा वार, आणि हा तर खरा. शेवटी मी त्या परक्या शब्दाचंच मूळ शोधलं. ‘लंज’ हा फ्रेंच ‘आलाँज’वरून आला, त्याचा अर्थ लांब करणं. इटालियन गुरूही त्याला लांब भोसक म्हणत. या सगळ्याच्या तळाशी लॅटिनमधला ‘लोंगुस’ हा शब्द आहे. आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात की लॅटिन ‘लोंगुस’ आणि संस्कृत ‘दीर्घ’ हे एकाच जुन्या मुळाचे दोन फाटे आहेत.

हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. कवीला ऱ्हस्व-दीर्घ कोण शिकवणार? पोरीला मी म्हटलं, “तू ऑन गार्डला उभी असतेस ना, तो ऱ्हस्व. लंज मारतेस तो दीर्घ.” ती मराठी शाळेत शिकते, तिला ते लगेच पटलं. पुढच्या वर्गात तिनं मैत्रिणींना तसं सांगितलंही. आता ती मुलं एकमेकींना ओरडतात, “अगं, तुझा दीर्घ आखूड पडतोय!” हा शब्द कोशात जाईल, असा माझा दावा नाही. जठारपेठेतल्या त्या सभागृहात मात्र तो चालू झाला आहे.

अब्बांनी विचारलेला प्रश्न याहून चांगला होता. ते प्रशिक्षकाला म्हणाले, “वार करणं शिकवता भाऊ, ते ठीक. पण परत कसं याचं?” प्रशिक्षक हसून म्हणाला, “आजोबा, ती लंजचीच अर्धी बाजू आहे. पुढे गेलेला माणूस परत जागेवर आला नाही, तर तिथंच मार खातो.” मग त्यानं करून दाखवलं. आधी मागचा गुडघा दुमडतो, पुढची टाच जमिनीला रेटते, अंग मागे येतं, आणि शस्त्राचा हात सर्वांत शेवटी परत येतो. जाताना हात पहिला, येताना हात शेवटचा. तोवर टोक समोरच असतं.

सध्या आमची पोर हेच घोकते आहे. प्रशिक्षकाच्या मते तिचा हात आता आधी जातो, मागचं पाऊल अजून कधीकधी उचलतं. येत्या हंगामात जिल्हा स्पर्धेत तिला उतरवायचं की आणखी एक वर्ष थांबायचं, हे ठरायचं आहे. तिची आई म्हणते, उतरू द्या. पिशवीवरचं शिवण उसवलं होतं, ते तिनं परवा पुन्हा घातलं. या वेळी कंस घातला नाही.